मागल्याचं पीठ

ती केस मी विसरलेले नाही. आठवली की आजही डोकं तापतं. या वयात डोकं तापवू नका असं डॉक्टर सांगतात. पण काही गोष्टींचा राग यायचा थांबला तर पोलिसात काढलेली सगळी वर्षं फुकट गेली म्हणायची.

मी सातवी शिकलेली. मी भरती झाले तेव्हा शिपायाला तेवढं चालत होतं. शिपाई म्हणून लागले, हवालदार झाले, निवृत्त झाले तेव्हा सहायक फौजदार होते. नोकरीचा बराच काळ शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेला. या केसमधल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही, गावाचं आणि ठाण्याचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमच्या ठाण्यात त्या वेळी बाई म्हणून मी एकटीच. नवऱ्याने मारलं, सासूने हाकललं, मुलगी पळाली, असं काहीही आलं की ठाणे अंमलदार न विचारता माझ्या अंगावर टाकायचे. चोऱ्या आणि दरोडे पुरुषांकडे, कारण त्यात बक्षीस असतं आणि पेपरात फोटो येतो. मला वाईट वाटत नव्हतं. दरोडेखोर तरी आपण दरोडेखोर आहोत हे मनातून जाणतो. घरात बाईला मारणाऱ्याला मात्र आपण न्यायाधीश आहोत असं वाटतं.

तेव्हा मोबाईल नुकते खेड्यापाड्यांत पोचले होते. आजच्यासारखे काचेचे नाहीत, बटणांचे. त्यात एखादा गेम, पंचांग असलं काही घालायचं तर फोनवरून जमत नसे. फोनचं इंटरनेट नुसतं गोल फिरत राही आणि पैसे कापले जात. म्हणून बाजारच्या गावांत दुकानं निघाली होती. आत एक कंप्यूटर, त्याला एक वायर, बाहेर पाटी: गाणी, गेम, पंचांग भरून मिळेल. दुकानदार या गोष्टी इंटरनेटवरून आधी कंप्यूटरमध्ये उतरवून ठेवी. फोन वायरने जोडला की कंप्यूटरमधल्या प्रोग्रॅमवर फोनचं चित्र दिसे. हवा तो गेम निवडायचा, बटण दाबायचं, फोन विचारेल त्याला हो म्हणायचं, की गेम फोनात जाऊन बसे. लोक याला फोन भरणं म्हणत.

डोंगराकडच्या गावांतून रोज कोण बाजाराला येणार? जो येईल त्याच्याकडे पाच घरांची कामं. कुणाचं दळण, कुणाचा रॉकेलचा डबा, कुणाची तुटलेली चप्पल. त्याच पिशवीतून मोबाईलही येऊ लागले. फोनाला रबर, रबरात चिठ्ठी: अमक्याच्या सुनेचा, पंचांग आणि गाडीचा गेम. दुकानदार फोन भरून ठेवी आणि दोन दिवसांनी दूधवाला परत नेऊन देई. ज्यात घरचं बोलणं असतं ती वस्तू आपण परक्याच्या हातात देतोय, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. बॅटरीचा सेल बदलायला द्यावा तसा फोन देत.

त्या दिवशी सकाळची हजेरी संपत आली होती. एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. बोलणं शांत होतं, पण दबकं.

"बाय, आमच्या गावातनं जीप निघालीय. सात-आठ जण हायेत, काठ्या हायेत. आसनगावला एका गॅरेजवाल्याला मारायला चाललेत. आणि ज्याच्या बायकोवरनं हे चाललंय ना, तिला गोठ्यात कोंडलीय. तुमीच या, पुरुष नको."

मी साहेबांना सांगितलं. साहेब तरुण होते, परीक्षा देऊन थेट फौजदार झालेले. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं की घरगुती मामला दिसतो, एनसी घ्या, म्हणजे अदखलपात्र नोंद करा, आणि समज द्या. मी म्हटलं, "साहेब, काठ्या जीपमध्ये आहेत, घरात नाहीत." तेव्हा त्यांनी गाडी दिली.

जीप आम्ही फाट्यावरच अडवली. काठ्या उतरवून घेतल्या, माणसं खाली उतरवली. त्यातला नवरा लगेच ओळखू आला, कारण बाकीचे माझ्याकडे बघत होते आणि तो आपल्या खिशाकडे. कारखान्यात कंत्राटावर कामाला, दहावी पास, शर्टाला इस्त्री. त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. जणू मुद्देमाल जमा करतोय.

"मॅडम, हे वाचा. मग सांगा कोणाला अडवायचं ते."

फोन त्याच्या बायकोचा. घरी ठेवलेला, म्हणजे कामावरून तो तिला फोन करू शकेल असा. गेल्या बाजाराला त्याने तो भरायला पाठवला होता. परत आल्यावर नवा गेम बघायला म्हणून उघडला, तर आत मेसेजांचा ढीग. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. तुझ्याशिवाय करमत नाही, गॅरेज बंद करून फाट्यावर येतो, कालची साडी छान दिसत होती. त्याने त्या नंबरावर फोन लावला. पुरुषाचा आवाज आला. याने शिवी दिली, त्याने फोन ठेवला आणि बंद करून टाकला. झालं, याच्या लेखी गुन्हा शाबीत झाला. बंद का केला? चोर आहे म्हणून. अनोळखी माणूस सकाळी सकाळी आईवरून शिव्या देत असेल तर मीसुद्धा फोन बंद करीन, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. मेसेजात आसनगावच्या गॅरेजचं लिहिलेलंच होतं. दोन दिवस विचारपूस करून त्यांनी माणूस हुडकला होता.

सगळ्यांना ठाण्यात पाठवून मी गावात गेले. गोठ्याच्या दाराला बाहेरून काठी अडकवलेली. आत ती गव्हाणीच्या कडेला बसली होती. वीस-बाविशीची असेल. ओठ फुटलेला, डाव्या हाताची बोटं सुजलेली. मी ते सगळं नेहमीच्या सवयीने बघून घेतलं, कारण वैद्यकीय तपासणीच्या यादीत ते लिहावं लागतं. मग माझं लक्ष तिच्या चोळीकडे गेलं. ती पुढून भिजलेली होती. पोर अंगावर पिणारी होती आणि पोर तिच्याजवळ नव्हती.

पोर कुठे म्हणून सासूला विचारलं. सासू अंगणात भात वारत होती, सूप हातातून खाली ठेवलं नाही.

"पोर आमची हाय. असल्या बाईचं दूध कशाला पाजायचं? शेळीचं पाजतो आमी."

पोर नणंदेच्या गावाला पाठवली होती. कुठलं गाव ते कुणी सांगेना. उद्या बाजाराच्या दिवशी गावकी बसणार होती. सोडचिठ्ठी द्यायची, बाईला माहेरी घालवायची आणि पोर ठेवून घ्यायची, एवढं आधीच ठरलेलं होतं. बसायचं ते फक्त ठरलेलं बोलून दाखवायला. मी तिला घेऊन ठाण्यात आले आणि साहेबांना म्हटलं की पोर आणायला गाडी द्या. साहेब म्हणाले, उद्या गावकीचा निकाल आहे, आपण मध्ये पडलो तर उगाच वातावरण बिघडेल. दूध पिणारी पोर आईपासून तोडली त्याने वातावरण बिघडत नाही, पोलिसांची गाडी गेली की बिघडतं. हे तर्कट मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय.

दुपारपर्यंत आसनगावहून गॅरेजवालाही आला. मी त्याला बोलावून घेतला होता. हात ग्रीसने काळे, चेहरा पांढरा. मी त्याला आणि त्या मुलीला एकाच खोलीत समोरासमोर बाकावर बसवलं आणि स्वतः रजिस्टरात काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत बसले.

इथे एक अनुभवाची गोष्ट सांगते. ओळख लपवणारी दोन माणसं समोरासमोर आली की एकमेकांकडे बघत नाहीत. एक छताकडे बघतो, दुसरी पायाच्या अंगठ्याकडे. ही दोघं बघत राहिली. तो तिच्या फुटलेल्या ओठाकडे बघून गोंधळला होता. ती तर त्याला वरपासून खालपर्यंत बघत होती, बाजारात बैल बघावा तशी. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"बाय, हाच काय तो? ह्याच्यासाठी मला मारलं?"

माझं तिथेच ठरलं. पण माझं ठरून काय उपयोग? गावकीला ठरायला पाहिजे होतं.

गॅरेजवाल्याला बाजूला घेतला. मेसेज त्याचेच होते, ते त्याने कबूल केलं. पण या बाईला मी कधी बघितलंही नाही, म्हणाला. मग कुणाला पाठवलेस? तिथे गडी अडला. मी दरडावलं, शेजारच्या शिपायाने टेबलावर काठी आपटली, पाणी दिलं नाही. सगळे जुने उपाय झाले. तो एवढंच म्हणत राहिला, "मॅडम, मेसेज माझे हायेत. या बाईला नाय. कोणाला ते नका इचारू. मारा पायजे तर." नोकरीत मी खोटं बोलणारे खूप पाहिले. खोटं बोलणारा कुणाचं तरी नाव पुढे करतो. हा नाव मागे धरून बसला होता.

आता राहिली ती मुलगी. तिचा जबाब घ्यायचाच होता. नेहमीचे प्रश्न माझ्या तोंडावर होते: याला कधीपासून ओळखतेस, कुठे भेटलात. नवऱ्याने, सासूने, दिराने तिला तेच विचारून झालं होतं आणि प्रत्येक उत्तराला एक थप्पड. मी पेन खाली ठेवलं.

"पोरी, तुला काय वाटतं? हे मेसेज तुझ्या फोनात आले कुठनं?"

तिने मान वर केली.

"मला इचारता?"

"तुझ्याच फोनात आलेत. मग कुणाला विचारू?"

"मला कोणी इचारलंच नाय," ती म्हणाली. मग पदराने नाक पुसून सांगू लागली. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. फोन लावायचा आणि उचलायचा एवढंच यायचं. फोन बाजाराला गेला तोवर त्यात काही नव्हतं, परत आला तेव्हा हे सगळं होतं. "मला वाटतं दुकानातच मिसळलं ते. आपण चक्कीवर दळण टाकतो ना बाय, तर मागल्याचं पीठ आपल्यात येतंच. मागल्याने नाचणी दळली असेल तर आपलं तांदळाचं पीठ काळं निघतं. तसं कायतरी."

ज्यांनी चक्कीवर दळण नेलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. मागल्याचं पीठ जात्यात राहतं. म्हणून शहाण्या बायका पहिली ओंजळ बाजूला काढून कोंबड्यांना घालतात. पण काळं पीठ निघालं म्हणून कुणी सुनेला गोठ्यात कोंडत नाही.

मी नवऱ्याला आत बोलावलं. त्याला काही विचारलं नाही, उलट फोनचं कौतुक केलं. फोन छान आहे, जुना घेतलास का कुणाचा? तो लगेच फुलला. जुना कशाला, खोक्यातला नवा, दिवाळीच्या बोनसमधून घेतला. पावतीसुद्धा आहे म्हणाला. मी म्हटलं, बायकोसाठी दिवाळीला नवा फोन, चांगला नवरा आहेस. मग त्यातला एक मेसेज उघडून त्याच्या हातात दिला आणि मोठ्याने वाच म्हटलं. त्याने वाचलं. बाप्पा गेले, आता आरतीच्या निमित्ताने भेटणंही गेलं.

"फोन दिवाळीला घेतलास. मग गणपतीतला मेसेज यात कसा आला?"

त्याने फोन हातात उलटासुलटा केला. मग म्हणाला, तारखेत काहीतरी गडबड असेल. मी म्हटलं, तारीख राहू दे, मेसेजातच बाप्पा आहे. तुझ्याकडे दिवाळीनंतर गणपती बसतात का? यावर तो काय बोलला असेल? "पण मॅडम, नंबर तर त्याचाच हाय ना." अशी ही माणसं. बायको निर्दोष निघतेय याचा आनंद नाही. आपण एवढं मारलं ते चुकीचं ठरू नये, याची काळजी.

संध्याकाळच्या आत मी त्या दुकानात गेले. दुकानदार बारावी शिकून कंप्यूटरचा कोर्स केलेला, तोंडात गुटखा. मी आल्याचं कारण सांगितलं तर हसला. म्हणाला, मॅडम, कंप्यूटर चुकत नसतो, माणूस चुकतो. मी म्हटलं, बरोबर, म्हणूनच माणसाकडे आले. तुझं काम चालू दे, मी बसते.

मी स्टुलावर बसून राहिले. दरडावून जे निघत नाही ते पुष्कळदा नुसतं बसून निघतं. एक गिऱ्हाईक आलं. दुकानदाराने त्याचा फोन वायरने जोडला. गेम लगेच टाकला नाही. आधी फोनमधलं सगळं कंप्यूटरमध्ये ओढून घेतलं, मग गेम टाकला. मी विचारलं, आधी ते काय केलंस? तो म्हणाला की गेम जात असताना मध्येच लाइट गेली तर फोन अडकून पडतो. मग सगळं पुसून आधी होतं ते परत टाकावं लागतं. गिऱ्हाईक बोंब मारू नये म्हणून आधीच काढून ठेवतो.

"म्हणजे परत टाकता येतं?"

"येतं की. सगळं जसंच्या तसं."

"दुसऱ्याच्या फोनात टाकलं तरी जातं?"

त्याचं चघळणं थांबलं.

मग एकेक बाहेर आलं. त्या बाजाराच्या दिवशी लाइट मध्येच गेली होती. भारनियमनाची वेळ तर रोजची, पण त्या दिवशी आधीच गेली. टेबलावर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे चार फोन होते. कंप्यूटर त्या चौघांनाही एकाच नावाने ओळखत होता. चिठ्ठ्या फोनाला होत्या, कंप्यूटरमध्ये कुठे चिठ्ठी होती? लाइट आल्यावर त्याने अडकलेला फोन, म्हणजे या मुलीचा, पुसला आणि जे हाताला लागलं ते त्यात भरून टाकलं. लोकांची नावं आणि नंबर सिमकार्डात राहतात, ती तिची तिच्याकडेच राहिली. मेसेज फोनात राहतात, ते दुसरीचे आले. तिला मेसेज करणारं कुणी नव्हतंच, त्यामुळे तिचं काय गेलं ते कुणाला कळलं नाही.

एवढं सांगून तो म्हणाला, "असं होतं कधी कधी."

एक बाई गोठ्यात कोंडली होती, तिची पोर दुधासाठी रडतेय, सात माणसं काठ्या घेऊन निघाली होती, आणि याच्या तोंडी असं होतं कधी कधी. माझा हात उठला होता. उठलेला हात मी खाली घेतला, कारण उद्या मला या दुकानदाराची गरज होती.

तो मात्र आता उत्साहात आला होता. म्हणाला, मॅडम, ते मेसेज मुळात कुणाचे होते ते अजून कंप्यूटरमध्ये असेल, बघू का? एका मिनिटात नाव निघेल. आणि हात पुढे नेलाही.

मी म्हटलं, पूस.

त्याला कळेना. मी पुन्हा म्हटलं, चारही फोनांचं जे काढून ठेवलंयस ते माझ्यासमोर पूस, आणि नाव वाचू नकोस. पुरावा नष्ट करायचा नसतो हे मलाही शिकवलेलं होतं. पण पुरावा कशाचा? दुकानदाराच्या गलथान कामाचा. त्यासाठी लागणारे मेसेज त्या मुलीच्या फोनात होतेच. राहिली ती दुसरी बाई. ती कोण, लग्नाची की बिनलग्नाची, कुठल्या गावची, हे मला आजही ठाऊक नाही. गॅरेजवाला ठाण्यात बसलाच होता. मी परत आल्यावर उभा राहिला. नाव निघालं का, एवढंच त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर खाली बसला आणि तांब्याभर पाणी प्याला. मेसेज करायचे तर पुसायला शीक, असं मी त्याला सुनावलं आणि त्याला सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी गावकी देवळात बसायची होती. मी पोलीस पाटलाला सांगितलं की पंचांना बाजारात त्या दुकानावर घेऊन ये, नाहीतरी बाजाराला येणारच आहेत. सासू पोरीला घेऊन आली पाहिजे असाही निरोप दिला आणि निरोपात ठाण्याचं नाव घातलं. साहेबांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग आज्ञा मोडावी लागली असती.

पाच पंच, नवरा, दीर, सासू पोर घेऊन, आणि ती मुलगी, एवढी माणसं त्या टीचभर दुकानात आणि दुकानाबाहेर. बाजारातलं येणारं-जाणारंही थांबत होतं. थांबू दिलं. बदनामी बाजारभर झाली होती, मग खुलासा बाजारभर का नको?

माझा फोन मी दुकानदाराला दिला. माझ्या फोनात एकाच माणसाचे मेसेज, माझ्या साहेबांचे. आधी त्याने माझ्या फोनातलं कंप्यूटरमध्ये काढलं. मग नवऱ्याचा स्वतःचा फोन वायरला लावून ते त्यात टाकलं. नवऱ्याला म्हटलं, आता उघड आणि पंचांना वाचून दाखव.

तो वाचू लागला. उद्या बंदोबस्त, सकाळी लवकर हजर राहा. कुठे आहात, ताबडतोब या. आज उशीर का झाला?

मी विचारलं, "काय रे, माझे साहेब तुला लवकर ये म्हणतात, उशीर का झाला विचारतात. तुझं त्यांच्याशी काय चाललंय?"

बाहेरचे लोक हसले. पंचांतला एक म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. नवऱ्याचे कान लाल झाले. मग मी पंचांना चक्कीचं सांगितलं, आणि हे माझं नाही, या मुलीचं म्हणणं आहे, तिला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, तेही सांगितलं. गणपती आणि दिवाळीचंही सांगितलं. म्हाताऱ्यांना कंप्यूटर कळला नाही, पण पीठ कळलं. एकमेकांकडे बघून माना हलल्या. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. तोच हसणारा म्हातारा पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "मग मॅडम, ते मेसेज कोणाच्या बायकोचे?"

सगळी गर्दी पुढे झुकली. ती झुकलेली गर्दी मला आजही दिसते. एक सुटली तर दुसरी पाहिजे. हातात दगड आहेच, तर मारायचा कुणाला तेवढं सांगा.

मी म्हटलं, "ज्याचं पीठ त्याच्या घरी गेलं. आणखी कुणाला बघायचं असेल त्याने आपला फोन इथे काढून ठेवावा. ही वायर आहे, हा कंप्यूटर आहे. पंचांपासून सुरुवात करू. आतलं सगळं मोठ्याने वाचू."

कुणी पुढे आलं नाही. दोघा-तिघांचे हात तेवढे खिशावर गेले.

म्हातारा मागे सरला. मी मुलीचा फोन घेतला आणि त्यातले परके मेसेज एकेक करून पुसले. नवऱ्याने खाकरून घसा साफ केला आणि बायकोला म्हणाला, "झालं ना आता? चल घरी." सासू म्हणाली, आमाला काय म्हाईत यंत्रातलं. एवढंच. ओठ फुटल्याचं, गोठ्याचं, शेळीच्या दुधाचं, कशाचं नाव नाही. नवऱ्याने फोन उचलून तिच्यापुढे धरला, जणू तो देऊन सगळं फिटणार होतं.

तिने फोनला हात लावला नाही.

"मोबाईल तुमचा, तुमी ठेवा. पोर माझी, ती द्या."

पोर आजीच्या खांद्यावरून आधीच तिच्याकडे झेपावत होती. तिने ती घेतली, शेजारच्या चक्कीच्या ओट्यावर पोत्यांच्या आड बसली आणि पाजायला घेतली. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे दुसरं कुणी बघणार नाही. पोट भरल्यावर पोर झोपली. मग ती शहापूरच्या एसटीत बसून माहेरी गेली. नवऱ्याला वाटलं होतं चार दिवसांत येईल. ती आली नाही.

आता कायद्याचं सांगते. मारहाणीची तक्रार दे म्हणून मी तिच्या मागे लागले. तिने दिली नाही. वैद्यकीय दाखल्यावरून मी एनसी तेवढी नोंदवली. दुकानदाराला लावायला कलमच सापडेना. साहेब म्हणाले, चूक झाली, गुन्हा नाही. त्याने पाटी काढली नाही, पुढच्या बाजारालाही फोन भरत होता. फाट्यावर जप्त केलेल्या काठ्या कुणी परत न्यायला आलं नाही, त्या पावसाळ्यात ठाण्याच्या मागच्या कुंपणाला लागल्या. आणि डायरीत साहेबांनी शेवटी लिहिलं: उभय पक्षांत समेट झाला. समेट कशाचा? एकाने मारलं, एकीने मार खाल्ला, यात दोन पक्ष कुठे आले?

या केसने मला काय शिकवलं ते थोडक्यात लिहिते. यंत्र खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. यंत्राला खरं-खोटं कळतच नाही, त्यात जे टाकाल ते ते पुढे ढकलतं. माणसांची गोष्ट वेगळी. वायरीच्या टोकाला जे निघालं त्यावर त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, कारण ते त्यांना हवं होतं. घरात चार वर्षं राबणाऱ्या बाईच्या शब्दाला मात्र पुरावा मागितला. त्यानंतर ज्याच्यावर आळ आहे त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारायचे, की बाबा, तुला स्वतःला काय वाटतं. नव्या पोरांनाही तेच सांगत आले. निम्मे हसायचे.

ती मुलगी पुढे सासरी परत गेली. नवरा तीन वेळा न्यायला गेला, चौथ्यांदा सासू स्वतः गेली, तेव्हा ती गेली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली की ऐकणारे हमखास तावातावाने विचारतात: एवढं झाल्यावर ती गेलीच का? सहन का केलं? मनात काय होतं तिच्या?

मला विचारू नका. तिला विचारा.